थोडा धूर असू द्यावा

कुलरच्या ताट्या बदलायला माणूस आला की आमच्याकडे मे महिना सुरू झाला असं समजायचं, मग कॅलेंडर काहीही म्हणो. जुना वाळा उपसताना त्याचा काळपट भुगा अंगणभर पडतो. नवा वाळा जाळीत ठासून झाला की तो माणूस वरून तांब्याभर पाणी ओततो आणि म्हणतो, "लावा आता." पंखा घरघरतो, आधी थोडी धूळ फेकतो आणि मग तो ओला, मातकट, गार वास घरभर पसरतो. आई डोळे मिटून "हाश्श" करते. मला मात्र त्या वासाच्या मागोमाग पेट्रोलचा वास येतो. दर वर्षी येतो, आणि मी नकळत कान देऊन ऐकायला लागते.

वाळ्याचा आणि पेट्रोलचा संबंध काय, हे सांगायचं तर एक अख्खा उन्हाळा सांगावा लागेल. माझी बारावीची परीक्षा होऊन गेली होती आणि निकाल लागायचा होता. दोन्हीकडून सुटलेले असे ते दिवस. पुस्तकं माळ्यावर गेलेली, गच्चीवर आईचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत असलेले, आणि टाकीतलं पाणी सकाळी आठलाच चहासारखं गरम. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत दुपारी चिटपाखरू नसे. हायवेकडून तेवढे ट्रक ऐकू येत. केळीचे ट्रक त्या दिवसांत वर हिरवी पानं पांघरून जात, म्हणजे आतल्या घडांना ऊन लागू नये. मला ते नेहमी डोक्यावर पदर घेतलेल्या बायांसारखे वाटत.

त्या हायवेवरच नानांचं वर्कशॉप होतं. नाना म्हणजे माझे वडील. जळगावात त्यांना सगळेच नाना म्हणत, मग आम्हीही म्हणू लागलो. वर्कशॉप पंप-नोझलचं. डिझेल इंजिनात डिझेल ओतलं जात नाही, उडवलं जातं. नोझल म्हणजे बोटाएवढा लोखंडी तुकडा, त्याच्या टोकाला केसाएवढी छिद्रं, आणि त्यातून डिझेल धुक्यासारखं फवारलं जातं. छिद्र झिजलं की धुक्याची धार होते, डिझेल नीट जळत नाही, आणि ट्रक काळा धूर ओकायला लागतो. मग ड्रायव्हर नानांकडे येत. नाना नोझल टेस्टरवर लावत, दांडा दाबत आणि डोळे मिटून ऐकत. चांगला नोझल किरकिरतो. त्यांच्या मते आजारी नोझल आधी मुका होतो. दुकानाच्या पाटीवर पेंटरने त्यांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : येथे धूर बंद करून मिळेल. धुळ्यापासून भुसावळपर्यंतचे ट्रकवाले त्यांना 'बिनधुराचे नाना' म्हणत. हे नाव त्यांना फार आवडे. ते तसं बोलून दाखवत नसत, पण कुणी ते नाव घेतलं की त्यांचा हात आपोआप मिशीकडे जाई.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नाना पारोळ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातले. ते आईशी अहिराणी बोलत, दादाशी अहिराणी, वर्कशॉपात अहिराणी, कुत्र्याला हाकलतानाही अहिराणी. फक्त माझ्याशी नाही. मला इंग्रजी शाळेत घातलं, त्या दिवशी मोठ्या सिस्टरने त्यांना बजावलं होतं की मुलीशी घरी इंग्रजी बोला, नाही तर ती मागे पडेल. नानांना इंग्रजी येत नव्हतं. मग त्यांनी त्यातल्या त्यात लांबचं जे येत होतं ते धरलं आणि माझ्याशी पुस्तकी मराठी बोलायला लागले, रेडिओवरच्या बातम्यांसारखं. "बेटा, तुझे जेवण झाले का?" "आज शाळेत काय शिकवले?" प्रश्न दोनच, आणि दोन्ही सावकाश, शब्द पुसून मांडल्यासारखे. मी "हो" म्हणे. मग आम्ही दोघंही आपापल्या कामाला मोकळे. आईला ते कधी जमलं नाही. ती अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं बोलून वेळ मारून नेई.

मला अहिराणी सगळी समजे. बोलायला मात्र कुणी कधी मागितली नाही.

त्या मेमध्ये दादा परत आला. डिप्लोमा अर्धा सोडून तो पुण्याला एका गॅरेजात लागला होता, त्या दिवसापासून नाना त्याच्याशी बोलले नव्हते. दादा सणाला येई, आईच्या हातचं जेवून जाई, आणि नाना त्या दिवशी वर्कशॉपात उशिरापर्यंत काम काढत. या वेळी तो गाडी घेऊन आला. लहानशी पांढरी गाडी, बाहेरून साधी. आत मात्र जपानहून भंगारात आलेलं इंजिन बसवलेलं आणि त्याला टर्बो. टर्बो म्हणजे काय ते त्याने आईला सांगितलं तेव्हा मला कळलं. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुरावर फिरणारा एक पंखा, तो बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. आई म्हणाली, "मंग ते गुदमरत नाही का?" दादा हसला. म्हणाला, "हवा जास्त झाली की पेट्रोलही जास्त द्यावं लागतं. तेच तर काम राहिलंय."

त्यासाठी त्याने मुंबईच्या जुन्या बाजारातून मोठे इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारे नोझल, आणले होते. चार. बनियनच्या फडक्यात गुंडाळलेले. पेट्रोल गाडीचे इंजेक्टर तपासायचं मशीन तेव्हा जळगावात कुणाकडे असल्याचं ऐकिवात नव्हतं. नानांकडे मात्र पंपाच्या बेंचवर खुणांच्या काचेच्या नळ्या होत्या. दादाने विचारलं नाही. तो सकाळी वर्कशॉपात गेला, फडकं टेबलावर उलगडून ठेवलं आणि बाजूला उभा राहिला. मी डबा घेऊन गेले होते, दारातच थांबले. नानांनी बराच वेळ दुसरंच काहीतरी पुसलं. मग एक इंजेक्टर उचलला, उजेडात धरला, टोक पाहिलं.

"प्रेशर कितलं?"

दादाने सांगितलं.

नानांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसले. "अरे, हाई तं पिचकारी शे!"

त्यांच्या कामात प्रेशर एवढं असतं की नोझलसमोर बोट धरलं तर डिझेल कातडीत घुसतं. पण पिचकारी म्हणता म्हणता त्यांनी बाही वर केली. नळ्या जोडल्या, एका पत्र्याच्या डब्याला पेट्रोलचा पंप बसवला, आणि दिवसभर चारही इंजेक्टर सारखे सोडतात का ते पाहत बसले. एक मागे राहत होता. त्यांनी तो धुतला, परत लावला, परत धुतला. संध्याकाळी चारही नळ्यांतलं पेट्रोल एका रेषेत आलं, तेव्हा दोन डोकी त्या रेषेवर इतकी जवळ वाकली होती की मला श्वास घ्यायची भीती वाटली. नाना दादाला "जरा धर", "सोड" एवढंच म्हणत होते. घरात इतकी वर्षं तेवढंही नव्हतं.

पुढचे दिवस मी त्या रेषेचीच काळजी वाहिली. येत्या रविवारी धुळ्याला, शहराबाहेरच्या विमानांच्या धावपट्टीवर, हौशी लोकांना गाड्या पळवायची परवानगी मिळाली होती. दादाला तिथे गाडी पळवायची होती आणि त्याहून जास्त म्हणजे नानांनी ती पाहायला हवी होती. गाडी नीट पळाली तर तो जळगावला राहील, हायवेवर बापलेकांचं एक दुकान होईल, असं आई भाकरी थापताना भाकरीलाच सांगत असे. आणि नाही पळाली तर? ते कुणी बोलत नव्हतं. घरात सगळे पाय न वाजवता चालत होते.

मोठे इंजेक्टर बसले आणि गाडीने धूर सोडला. काळा, भसाभसा, डोळ्यांत जाणारा. सुपडूभाऊ, म्हणजे नानांचे जुने सोबती, दुकान निघाल्यापासून त्यांच्याबरोबर असलेले, तोंडाला गमछा लावून म्हणाले, "नाना, पाटी उतारी ठेवू का?" नानांना तो विनोद लागला. दादाने पुण्याहून आणलेली एक डबी होती, तिच्यावर घुंड्या. त्या फिरवल्या की इंजिनाला जाणारं पेट्रोल कमी-जास्त होई. नानांनी डबी ताब्यात घेतली. "हाऊ धूर बंद कर पहिले," ते म्हणाले आणि घुंड्या कमी करत गेले. आयुष्यभराचं शिकलेलं होतं ते. डिझेल जास्त झालं की धूर होतो, इंजिन तापतं. तापलं की तेल कमी करा, थंड होतं. यात चुकण्यासारखं काही नव्हतं.

धूर गेला. गाडी पूर्वीपेक्षा जोरात पळायला लागली. दादा म्हणाला, "नाना, ही आजपर्यंत अशी कधी ओढली नव्हती!" नानांनी सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला आणि सुपडूभाऊंना दाखवला. रुमाल कोरा. हात मिशीकडे गेला.

चाचणीला एरंडोलच्या रस्त्याने जायचं ठरलं. आईने मला दारात गाठलं. "तू बी जाय बरं संगे. पोरगी गाडीत असली की तो जोरात नाही हाकणार." म्हणून मी मागे बसले, ब्रेक म्हणून. मागची गादी काढून टाकलेली होती, मी घोंगडीवर. पुढे नाना, मांडीवर डबी. दुपार उतरत आली होती तरी खिडकीतून हवा नव्हे, भट्टीचा श्वास येत होता. दादाने गियर टाकला, टर्बोची शीळ चढली, आणि पाठ मागच्या पत्र्याला चिकटली. माझ्यामुळे तो हळू वगैरे चालवणार नव्हता, हे पहिल्याच मिनिटाला स्पष्ट झालं.

रस्त्याच्या कडेला कापसाच्या एका बंद जिनिंग कारखान्याची लांब भिंत होती. मोकळ्या रानात आवाज मागे पडून जातो. भिंतीशेजारून जाताना तो परत येतो. त्या भिंतीवरून आमच्याच गाडीचा आवाज परत आला, आणि त्या आवाजात दुसरा एक होता. बारीक, कोरडा. पत्र्यावर मूठभर तांदूळ टाकावेत तसा. भिंत संपली, आवाज गेला. येताना भिंत आली, आवाज आला. मी नानांकडे पाहिलं. त्यांना ऐकू आला होता, मला खात्री आहे, कारण त्यांची मान ठेका धरल्यासारखी हलत होती. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

घरी आल्यावर मी दादाला विचारलं, "तो आवाज कसला?"

"कसला आवाज?"

"भिंतीजवळ. तांदळासारखा."

तो नळाखाली मान घालून बसला होता. त्याने ती लगेच वर काढली नाही. "टर्बोच्या गाड्या आवाज करतात गं," पाण्यातूनच म्हणाला. मला आजही वाटतं की त्याला माहीत होतं. निदान शंका होती. पण इतक्या वर्षांनी बापाने हातात घेतलेली डबी त्याच्याकडून परत मागायची कशी? त्यापेक्षा त्याने इंजिनवर भरवसा ठेवला. आमच्या घरात सगळेच असे. शब्दांपेक्षा यंत्रावर भरवसा जास्त.

शनिवारी दुपारी आमच्या कुलरची पाण्याची मोटार अडकली. पंखा चालू, पाणी बंद. मी जमिनीवर ओली चादर टाकून पडले होते. हळूहळू वाळा सुकला आणि तोच पंखा, तीच हवा, अंगावर चटके देत येऊ लागली. आई उठली, तांब्याने ताट्यांवर पाणी ओतलं, आणि झुळूक गार झाली. पुन्हा सुकली, पुन्हा गरम. आई कंटाळून तांब्या माझ्याकडे देऊन झोपली. मी ओतत राहिले. थोडं ओतलं की थोडा वेळ गार. जास्त ओतलं की जास्त वेळ. आणि ओतता ओतता माझा हात थांबला.

हे मी शिकले होते. द्रव उडून जाताना आजूबाजूची उष्णता घेऊन जातो. बाईंनी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, मी इंग्रजीत पाठ केलं होतं, परीक्षेत इंग्रजीत लिहून आले होते. पेट्रोल तर पाण्यापेक्षा लवकर उडतं. हातावर सांडलं की हात गार पडतो, हे वर्कशॉपात लहानपणापासून पाहिलेलं. मग टर्बोने कोंबलेल्या त्या तापलेल्या हवेत जास्तीचं पेट्रोल गेलं, तर ते नुसतं जळायला जात नसेल. आत जाऊन ओल्या वाळ्याचं काम करत असेल. आणि नानांनी ते कमी करत करत ताटी सुकवून टाकली असेल. भर मे महिन्यात.

मला खात्री नव्हती. हे खरं आहे, खोटी बढाई नको. मी गाडीतलं काही शिकलेली नव्हते. माझ्याकडे एक आवाज होता, एक तांब्या होता आणि इंग्रजीत पाठ केलेलं एक वाक्य होतं. आणि दुसऱ्या दिवशी दादा त्या धावपट्टीवर, भर उन्हात, गाडी शेवटपर्यंत दाबणार होता. इंजिन वेगात असताना पिस्टन वितळून अडकला की चाकं जाम होतात, हे सुपडूभाऊंच्या गप्पांतून मी ऐकलं होतं. ट्रकच्या गोष्टी असत त्या. ऐकताना माणसं चहा पीत असत.

मी ओढणी डोक्यावर घेतली आणि वर्कशॉपात गेले. डबा नाही, निरोप नाही, काही कारण नसताना मी तिथे कधी गेले नव्हते. नाना गाडीच्या टायरची हवा बघत होते, दादा बॉनेट पुसत होता, सुपडूभाऊ स्टुलावर तंबाखू मळत होते. तिघांनी मान वर केली.

"बेटा, काय झाले?" नाना म्हणाले.

मी घडाघडा बोलायला गेले आणि माझी मराठी संपली. वाक्य होतं, पण ते इथल्या कुठल्याच वस्तूला चिकटत नव्हतं. मग मी म्हटलं, "नाना, कुलरचं पाणी बंद पडलं होतं." आणि वाळा, तांब्या, गरम झुळूक, गार झुळूक, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "गाडीलाही तसंच होत असेल. पेट्रोल थोडं जास्त हवं असेल. गार ठेवायला."

सुपडूभाऊंनी तंबाखू तोंडात टाकायचीही वाट पाहिली नाही. "ल्या नाना! बठ्ठं आयुष्य आपुन धूर बंद करामा घालं, आनि तुमनी आंडेर आते इंजिनवर तांब्या वताले सांगस!" आंडेर म्हणजे लेक, म्हणजे मी. ते स्वतःच खो खो हसले. दादा हसला नाही. तो बॉनेटचा तोच तोच भाग पुसत राहिला.

माझे कान तापले. पळून जावंसं वाटलं. पण पाय हलले नाहीत, आणि तोंडातून निघालं, "आवाज पण येतो."

"कोणता आवाज?" नानांनी विचारलं.

सांगता येईना. टेबलावर नोझलच्या बारीक चकत्यांची वाटी होती, कागदासारख्या पातळ, पोलादी. नाना त्या कुणाला हात लावू देत नसत. मी मूठभर घेतल्या आणि पत्र्याच्या ट्रेवर थोड्या थोड्या सोडल्या. चर्र, चर्र. "असा. जिनिंगच्या भिंतीजवळ. तुम्ही पण ऐकला."

"हो," नाना म्हणाले. "ऐकला. तो चांगला आवाज आहे, बेटा. इंजिन खणखणीत पेटत असले की तसा येतो. प्रत्येक चांगल्या ट्रकला…"

आणि ते थांबले.

त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग ट्रेवरच्या चकत्यांकडे. हात पुढे करून त्यांनी स्वतः थोड्या उचलल्या आणि सोडल्या. चर्र. डोळे मिटलेले. हायवेवरून एक ट्रक लांबवर गेला.

"सुपडू," नाना अगदी हळू म्हणाले, "हाई गाडी पेट्रोलनी शे."

एवढंच. लहान पोरालाही माहीत असलेली गोष्ट. पण सुपडूभाऊंचं हसू पुसलं गेलं. डिझेलमध्ये तो आवाज म्हणजे तब्येत. पेट्रोलमध्ये तो म्हणजे आत काहीतरी फुटायला निघालेलं. नानांचे कान डिझेलवर वाढले होते, आणि त्या कानांना तो आवाज घरचा वाटला होता. धूर दिसला की बोचायचा, तो त्यांनी घालवला. आवाज ओळखीचा होता, तो त्यांनी येऊ दिला.

नानांनी पाना मागितला. दादाने तो आधीच हातात धरलेला होता. इंजिनातला स्पार्क प्लग बाहेर आला. नानांनी तो उजेडात, नोझल धरतात तसा धरला. मग मला जवळ बोलावून दाखवला. मधली पांढरी चिनीमाती खडूसारखी कोरडी झाली होती, आणि तिच्यावर मिठाच्या दाण्याएवढे चमकते कण.

"हे काय आहे?" मी विचारलं.

नानांनी प्लग दादापुढे धरला. दादाने सांगितलं, "पिस्टन." आणि मान खाली घातली. "मी विचारायला हवं होतं, नाना."

"माले सांगाले हवं व्हतं तू," नाना म्हणाले. रागाने नाही. मग डबी उचलून त्यांनी ती दादाच्या हातात दिली. आणि संध्याकाळपर्यंत दादा घुंड्या वाढवत गेला, नाना प्लग काढून पाहत गेले, आणि खडूसारखा पांढरा प्लग निरोगी बदामी झाला. सायलेन्सरमधून काळा धूर परत आला. भसाभसा नाही, पण आला. नानांनी रुमाल धरला नाही.

पुष्कळदा वाटतं की आमच्या घरातही असंच चालत होतं. बोचेल असं काही बाहेर येऊ नये म्हणून प्रत्येकाने शब्द कमी करत आणले होते. बाहेरून पाहणाऱ्याला अगदी स्वच्छ, बिनधुराचं घर. आत काय तापत होतं ते कुणी पाहत नव्हतं.

धुळ्याची धावपट्टी रविवारी सकाळीच पांढरी पडली होती. झाड नाही, सावली म्हणून एक तंबू आणि त्यात पाण्याचे माठ. लू लागू नये म्हणून आईने दादाच्या खिशात कांदा घातला होता. गाडीत बसताना तो मांडीला टोचू लागला तरी त्याने काढला नाही. गर्दीत निम्मे लोक नानांच्या ओळखीचे, ट्रकवाले, ट्रान्सपोर्टवाले, दोंडाईच्याहून आलेले व्यापारी. बिनधुराच्या नानांच्या पोराची गाडी पाहायला आलेले. मी पट्टीच्या कडेला, कडब्याच्या पेंढ्यांमागे नानांच्या शेजारी उभी होते. आमच्या मागे दारं लावलेल्या एका गोदामाची भिंत होती. मी ती जागा मुद्दाम धरली होती. नानाही हलले नाहीत.

निशाण पडलं. गाडी निघाली. पहिल्या गियरला सायलेन्सरमधून काळ्या धुराचा एक लोट आला, दुसऱ्याला परत. तो धूर पांढऱ्या उन्हात असा उठून दिसला की सगळ्या गर्दीने पाहिला.

"अरे, धूर! नानासनी गाडी आनि धूर!" तंबूकडून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. "नाना, पाटी बदला आते!"

नानांच्या मानेवरची शीर मला दिसत होती. हात मिशीकडे गेला नाही, दोन्ही हात मागे एकमेकांत घट्ट. ते वळले नाहीत. डोळे मिटून उभे होते. मीही मिटले. शीळ चढत आली, इंजिनाचा आवाज आमच्या समोरून गेला, मागच्या भिंतीवर आपटून परत आला. मी त्या परत आलेल्या आवाजात तांदूळ शोधत होते. एकेक दाणा. श्वास धरलेला. आवाज लांब गेला, बारीक झाला, पट्टीच्या टोकाला उतरला, आणि थांबला. ब्रेक लावून थांबतात तसा.

डोळे उघडले तेव्हा गाडी तिकडे टोकाला मृगजळात थरथरत उभी होती, दार उघडून दादा उतरत होता. लोक वेळ विचारत होते, कोण पुढे, कोण मागे. ते सगळं मी ऐकलं असणार, पण आता आठवत नाही.

नानांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"आवाज उना का तुले?"

मी इकडेतिकडे पाहिलं. सुपडूभाऊ तिकडे माठाजवळ होते. आमच्या आसपास दुसरं कुणीच नव्हतं.

"नही," मी म्हटलं. शब्द तोंडात नवा होता, पण जागेवर बसला. "नही उना, नाना."